वही सरांची, आकडे माझे, मग तांडेलाचं बोलणं कुणाचं?

वाचकाचं पत्र

ताई, मी कोकणातल्या एका विद्यापीठात मत्स्यविज्ञानात पीएच.डी. करते आहे. मिरकरवाडा आणि हर्णै या बंदरांवर जाऊन बांगडा आणि तारलीची लांबी-वजनं घेतली, आवक नोंदवली, तांडेलांशी (म्हणजे बोटीच्या कप्तानांशी) आणि खलाशांशी बोलले. आता थिसिस लिहायला बसलेय, तर सगळीकडून प्रश्नच प्रश्न. गाईड म्हणतात, डेटा लॅबचा आहे, पेनड्राइव्हवर देऊन टाक आणि स्वतःकडे काही ठेवू नकोस. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेतल्या शास्त्रज्ञांची मेल आलीय, ‘रॉ डेटा पाठवा, पेपरात नाव घालू.’ जर्नल विचारतंय, डेटा कुठे ठेवलाय? सीनियर म्हणते, ‘मागितल्यास देऊ’ असं लिही आणि मोकळी हो. काही तांडेलांनी विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी त्याच वह्यांत आहेत. लॅबमधल्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या फाइली मला जोडायला सांगितल्यात, त्या उघडल्या की नुसत्या चित्रविचित्र खुणा दिसतात. आणि काल जेटीवर पावसात एक वही पूर्ण भिजली. काय देऊ, काय ठेवू?
— जेटीवरची, रत्नागिरी

उत्तर

अगं, प्रश्न पुष्कळ विचारलेस, पण गाठ एकाच ठिकाणी आहे. तुझ्या वहीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच पानावर शेजारी शेजारी बसल्यात. पहिली, मोजमापं: लांबी, वजन, तारीख, बंदर, जाळ्याचा प्रकार. दुसरी, माणसांनी सांगितलेलं: जाळं कुठे टाकलं, किती वाव (खोलीचं कोळ्यांचं माप) पाण्यात, कुणाशी वाजलं. तिसरी, त्यावर तू केलेलं काम: कोष्टकं, आलेख, निष्कर्ष. सर बोलताहेत ते पहिलीबद्दल. बाहेरच्या शास्त्रज्ञांनाही पहिलीच हवी आहे. तुझ्या पोटात गोळा आलाय तो मात्र दुसरीमुळे. या तिन्ही आधी वेगळ्या कर, मग भांडण्यासारखं फार उरणार नाही.

सरांचं सगळंच चुकतंय असं नाही. विद्यापीठाच्या किंवा प्रकल्पाच्या पैशानं झालेल्या कामाच्या मूळ वह्या विभागात राहाव्यात, ही रीत जुनी आहे आणि मला ती पटते. उद्या कुणी तुझ्या निष्कर्षावर शंका घेतली तर मूळ वही विभागाला दाखवता यायला हवी, आणि तोवर तू कुठल्या गावी नोकरीला असशील कोण जाणे. आपल्याकडे याची चांगली उदाहरणं आहेत. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ चं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तिथे तयार झालेला ‘रत्ना’ १९८१ मध्ये प्रसारित झाला. आंब्याचं झाड वाढायचं, फळाला यायचं, मग वर्षानुवर्षं फळाची गोडी, टिकाऊपणा, साका पडतो (म्हणजे गर आतून खराब होतो) की नाही हे बघायचं. तेवढ्या काळात माणसांच्या बदल्या होतात, माणसं निवृत्त होतात. रजिस्टर कुणा एकाच्या घरी गेलं असतं तर पुढच्या माणसाला झाडाचे आईबाप कोण हेही कळलं नसतं.

पण मूळ वही विभागात ठेवणं वेगळं आणि तुझ्याकडे प्रतसुद्धा न ठेवणं वेगळं. ज्या कामावर तुझं नाव लागणार, ज्याबद्दल व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, आणि पुढे पेपर छापताना तुलाच विचारणार, त्याची प्रत तुझ्याकडे नको, हे कुठल्या हिशेबात बसतं? या बाबतीत आपल्याकडे सगळ्यांना लागू होणारा असा एकच कायदा नाही. फेलोशिपच्या अटी, प्रकल्पाचं मंजुरीपत्र आणि विद्यापीठाचे नियम, या तिन्हींत मिळून काय ते असतं. मंजुरीपत्र ऑफिसात फाइलला लावलेलं असतं आणि ज्याच्या जिवावर प्रकल्प चालतो त्या विद्यार्थ्यानं ते कधी पाहिलेलंही नसतं. सरांशी बोलायच्या आधी ते मागून घेऊन वाच. निधी सरकारी असेल तर बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं सापडेल की निष्पन्न झालेलं पुढे खुलं करायचं आहे. मग तो तुझा हट्ट राहत नाही.

आता तुझ्या सीनियर मंडळींच्या फाइली. त्या खुणा बघून घाबरू नकोस, मजकूर जिवंत आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर एकसारखी उमटणारी अक्षरांची पद्धत, सर्रास होण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत चालायचं. त्यात संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच, एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट तुझ्या मशीनवर नाही, म्हणून खालची मूळ खूण दिसते. वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक कर, वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसेल, फॉन्ट बसवलेला नसला तरी दिसतं. मग नेमक्या त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापर. भलत्याचा वापरलास तर रफार आणि जोडाक्षरं अशी विस्कटतात की तारलीची ओळख पटणार नाही. बदललेली फाइल डोळ्यांनी वाचून काढ, निदान माशांची आणि गावांची नावं तरी. जुनी फाइल पुसू नकोस, ‘मूळ’ नावाच्या फोल्डरात तशीच राहू दे.

आणि ते सीनियर अजून फोनवर सापडतात तोवर त्यांना फोन करून घे. विचारायचं काय, तर ‘लांबी’च्या रकान्यात नक्की कुठली लांबी आहे? तुला सांगायला नको, बांगड्याची लांबी शेपटीच्या टोकापर्यंत घेतली तर एक आकडा येतो आणि शेपटीच्या खाचेपर्यंत घेतली तर दुसरा. वर नुसतं ‘लांबी, सेंमी’ लिहिलेलं असेल आणि मोजणारा माणूस हाती लागत नसेल तर ती फाइल तुझ्या फाइलीला जोडू नकोस, सर कितीही म्हणोत. ताजा मासा मोजला, बर्फातला मोजला की फॉर्मलिनमधून (मासा टिकवायच्या द्रावणातून) काढून, हेही विचार. फॉर्मलिनमध्ये मासा आखडतो, आणि मग तुझ्या आलेखात मासा लहान होत चाललाय असं दिसेल, प्रत्यक्षात फक्त बाटली बदललेली असेल.

याच्याहून जास्त घोळ रिकाम्या चौकोनांचा होतो. नोंदीत एका दिवसापुढे काही लिहिलेलं नाही, त्याचा अर्थ काय घ्यायचा? बोट गेली आणि तारली मिळाली नाही? वारा होता म्हणून बोट गेलीच नाही? जून-जुलैची बंदी होती? की तू त्या दिवशी बंदरावर नव्हतीस? या चारही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि यातल्या फक्त पहिलीला शून्य म्हणता येतं. तारलीसारखा मासा, जो एखाद्या वर्षी मुबलक येतो आणि पुढच्या वर्षी तोंडही दाखवत नाही, त्याच्या बाबतीत हे शून्य म्हणजे तुझ्या कामातला सगळ्यात मोलाचा आकडा. बाकी तिन्हींसाठी वेगवेगळे कोड ठरव आणि आजच वह्या काढून बस, कारण ‘त्या दिवशी वारा होता’ हे आज तुला आठवतंय. मला विचारशील तर थिसिसचं एखादं प्रकरण आठवडाभर बाजूला ठेवलंस तरी चालेल, पण हे आधी कर.

एक्सेलबद्दल थोडंसं, कारण तू नक्की एक्सेल वापरतेस. लांबीचे गट १०-१२, १४-१६ असे टाइप केलेस की एक्सेल पहिल्याची गुपचूप तारीख करतो आणि दुसऱ्याला हातही लावत नाही, कारण चौदावा किंवा सोळावा महिना नसतो. आधी रकाना ‘टेक्स्ट’ कर किंवा ‘१० ते १२’ लिही. एकट्या तुझीच ही तक्रार नाही. जनुकांच्या काही इंग्रजी नावांच्या एक्सेल तारखा करतो म्हणून जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२० मध्ये ती नावंच बदलली. मायक्रोसॉफ्टला बदलायला लावण्यापेक्षा माणसाच्या जनुकांची नावं बदलणं सोपं गेलं, यातच काय ते आलं! आणि शेवटी जी प्रत कायमची ठेवायची ती साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेव, सेव्ह करताना ‘यूटीएफ-८’वाला पर्याय निवडून. तो निवडला नाहीस तर मराठीत लिहिलेल्या सगळ्या शब्दांची प्रश्नचिन्हं होतील, आणि मूळ अक्षरं मात्र परत येत नाहीत.

सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: कुठला रकाना काय, एकक कुठलं, कुठल्या वजनकाट्यावर मोजलं, कोड काय, कुणी मोजलं. स्थानिक नावासमोर शास्त्रीय नाव हवंच. ‘तारली’ आणि ‘पेडवे’ ही नावं बंदर बदललं की वेगळ्या माशाला लागू शकतात, मालवणचा माणूस आणि हर्णैचा माणूस यावर लिलावाच्या गर्दीतही वाद घालतील. डिजिटल काट्याच्या छापील चिठ्ठ्या वहीत चिकटवल्या असशील तर त्यांचे फोटो लगेच काढ. तो थर्मल कागद असतो, आपल्या उकाड्यात वर्ष-दोन वर्षांत पांढरा फटक पडतो.

पेनड्राइव्हचं म्हणशील तर तो न्यायला-आणायला ठीक आहे, साठवायला नाही. जुना नियम चांगला आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. ‘दुसऱ्या गावी’ यावर आपल्याकडे हसायचं कारण नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा एकाच इमारतीतल्या दोन कपाटांत ठेवलेल्या दोन प्रतींना काय अर्थ होता? दोन्ही पाण्यातच. आणि सगळं क्लाउडवर आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती की रेंज नव्हती. म्हणून एक प्रत क्लाउडवर, एक हार्डडिस्कवर सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि एक घाटावरच्या कुणा भरवशाच्या माणसाकडे. क्लाउड विद्यापीठाच्या मेलचा असेल तर पदवी झाल्यावर ते खातं बंद होऊ शकतं, हे लक्षात असू दे.

आता तांडेलांचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

पर्ससीन नेटवर (माशांच्या थव्याला घेरून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यावर) २०१६ पासून राज्याच्या हद्दीत महिन्यांची आणि जागेची बंधनं आहेत. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंडही चांगलेच वाढले. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातलं वितुष्ट तू रोज जेटीवर बघतेस. अशा वेळी एखाद्या तांडेलानं चहा पिता पिता तुला सांगितलं असेल की अमुक महिन्यात, अमुक वाव पाण्यात आम्ही जाळं टाकलं, तर ती तुझ्या वहीतली नोंद असली तरी त्याच्या दृष्टीनं तो कबुलीजबाब आहे. तो तुझ्याशी बोलला, लॅबशी नाही. दुसऱ्या राज्यातल्या शास्त्रज्ञांशी तर नाहीच. हा भाग पेनड्राइव्हवर जाणार नाही. सर रागावले तरी नाही.

नाव खोडलं म्हणजे झालं, असंही समजू नकोस. बोटीचा नोंदणी क्रमांक म्हणजे नावच. आणि छोट्या बंदरात ‘वय ५५, पर्ससीन, दोन बोटी, मुलगा दुबईला’ एवढं लिहिलंस की लिलावाला आलेली बाईसुद्धा सांगेल तो कोण. म्हणून वयाचे गट कर, बंदराच्या नावाऐवजी तालुका लिही, जीपीएसचा नेमका बिंदू न देता मोठ्या चौकोनाचा क्रमांक दे. कुठला कोड म्हणजे कोण, ती यादी वेगळी आणि कुलपात. मुलाखतींपूर्वी संमतीपत्र घेतलं असशील तर त्यात काय कबूल केलंय ते पुन्हा वाच, जे कबूल केलंस त्याच्या पलीकडे जाता येणार नाही. घेतलं नसशील तर बंदरावर परत जाऊन विचार. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संशोधनाला काही सवलती देतो, पण कायद्यानं चालतंय म्हणून तांडेलाला चालेलच असं नाही, आणि त्याच जेटीवर पुढच्या वर्षी तुझी ज्युनियर जाणार आहे.

सरांना हे कसं सांगायचं? तोंडी नको. मेल लिही, मऊ भाषेत: ‘सर, मूळ वह्या आणि मोजमापांच्या फाइली खुलाशासह विभागाकडे जमा करते. मुलाखतींत माहिती देणाऱ्यांची ओळख पटू शकते, त्यामुळे तो भाग ओळख काढूनच देता येईल. सगळ्याची एक प्रत माझ्या थिसिससाठी आणि पुढच्या पेपरांसाठी माझ्याकडे राहील, आपली हरकत नसावी.’ वहीत मुलाखत आणि मोजमाप एकाच पानावर असेल तर ती पानं झाकून झेरॉक्स जमा कर आणि मूळ पानं सीलबंद पाकिटात विभागप्रमुखांकडे ठेव, पोच घेऊन. पोच घ्यायला संकोचू नकोस. मी ग्रंथालयात होते तेव्हा आम्ही परत आलेल्या पुस्तकाचीही सही घ्यायचो, कुणाला राग आला नाही.

हे सगळं थिसिस जमा करायच्या आत. एकदा व्हायवा झाला की तुझ्या मेलला उत्तर द्यायची कुणाला घाई नसते.

बाहेरच्या शास्त्रज्ञांची विनंती मला वावगी वाटत नाही, घाईची वाटते. नम्रपणे विचार: नेमकं काय हवंय, कुठल्या प्रश्नासाठी, कुठल्या महिन्यांचं? खरोखर काम करणारा माणूस दोन ओळींत उत्तर देतो. ‘सगळंच पाठवा’ असं परत आलं तर थांब. ‘नाव घालू’ या आश्वासनावरही जाऊ नकोस. विश्लेषणात किंवा लेखनात तुझा हात असेल तर सहलेखक म्हणून नाव हवंच, आणि ते आधी मेलवर ठरायला हवं. नुसते आकडे वापरणार असतील तर तुझ्या डेटाचा रीतसर संदर्भ यायला हवा. नुसत्या आभारावर भागवू नये.

त्यासाठी संदर्भ देता येईल असा डेटा असायला हवा, आणि जर्नलच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. ‘मागितल्यास देऊ’ लिहिण्याचा सीनियरचा सल्ला मला आवडला नाही. असं लिहिणारे लेखक मागितल्यावर पुष्कळदा देत नाहीत, हे लोकांनी प्रत्यक्ष मागून तपासलेलं आहे, आणि संपादकांनाही ते ठाऊक आहे. तुझा थिसिस शोधगंगेवर किंवा कृषिकोशावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाईल, पण त्यातली कोष्टकं पीडीएफमध्ये अडकलेली असतात, कुणाला वापरायची तर एकेक आकडा हातानं उतरवायचा. त्यापेक्षा मोजमापांचा भाग झेनोडोसारख्या ऑनलाइन डेटा-भांडारात ठेव. जिनिव्हाच्या सर्न संस्थेनं ते २०१३ पासून चालवलंय, पैसे लागत नाहीत, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत मावतं. तुझा डेटा तर एका गाण्याएवढासुद्धा नसेल. अपलोड केलं की डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, तोच जर्नलला द्यायचा, तोच त्या शास्त्रज्ञांना. पेपर येईपर्यंत कुणी उघडू नये असं वाटत असेल तर पुढची तारीख घालून बंद ठेवता येतं. तोवर नाव, वर्णन आणि तारीख तेवढी जगाला दिसते. आपलं कुणी चोरेल ही भीती वाटत असेल तर ही नोंदलेली तारीखच तुझ्या बाजूची साक्ष. खरं सांगू? बहुतेक थिसिसांचा डेटा कुणी चोरत नाही, कारण तो दुसऱ्याला कळेल असा लिहिलेलाच नसतो.

परवान्यात ‘सीसी बाय’ निवड: कुणीही वापरावं, फक्त तुझा उल्लेख करावा. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून अपलोड करण्याआधी सरांची लेखी संमती आणि त्यांचं नाव दोन्ही घे. त्यांचंही काम आहेच की त्यात. नाव दिसलं की बहुतेक गाईड नरमतात, हा माझा आपला अंदाज.

आणि वाटून घ्यायचंच तर सगळ्यात आधी बंदरावर. थिसिस झाला की दोन्ही ठिकाणच्या मच्छीमार सोसायटीत एक पान मराठीत लाव: कुठल्या महिन्यात केवढा बांगडा आला, अंडी भरलेली मादी कधी जास्त दिसली. ज्यांनी पहाटे टोपलीतला मासा तुला मोजायला दिला, त्यांना त्याचं पुढे काय झालं हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

भिजलेल्या वहीचं तुला पत्र मिळालं त्याच दिवशी फोनवर कळवलं होतं, इतरांसाठी इथे लिहिते. उन्हात घालायची नाही, पानं वाकडी होतात आणि चिकटतात. ओढून सोडवायचीही नाहीत. थोडी ओली असेल तर दर काही पानांनंतर टिपकागद किंवा कोरा, न छापलेला कागद घालून पंख्याखाली उभी उघडी ठेवायची आणि कागद बदलत राहायचं. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा लगेच वेळ नसेल किंवा वही पूर्ण निथळत असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून लॅबच्या डीप फ्रीझरात ठेवायची, माशांपासून वेगळ्या कप्प्यात. गोठली की बुरशी थांबते आणि सवडीनं थोडी थोडी सुकवता येते. जेल पेननं लिहिलेलं असेल तर शाई पसरली असेल, तिथे पानाचा फोटो काढून मोबाइलवर रंग गडद करून बघ, बरेच आकडे वाचता येतात. पुढच्या वेळी जेटीवर पेन्सिल ने. आणि वही सुकली की पानन् पान फोटोत घेतल्यावरच ती विभागात जमा कर.